धुरकऱ्याने निवडलेला कॅम

माझ्या भाटव्याला, म्हणजे माझी धाकटी बहीण कुंता हिच्या नवऱ्याला, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने बैलाची शेपटी दातांत धरली होती. सिहोऱ्याचा शंकरपट होता, बैलांच्या शर्यतीचा दिवस. छकड्यावर जागेश्वर उभाही नव्हता आणि बसलेलाही नव्हता, बैलांच्या पाठीवर जवळजवळ लोळत होता. एका हातात तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली काठी, ती सपासप चालली होती. जोडीने निशाण ओलांडलं तेव्हा तो खाली उतरला आणि रक्त थुंकला. रक्त त्याचं नव्हतं.

आमचे वडील म्हणाले, पोरगा दमदार आहे. आमच्याकडे पटाला घरोघरी पाहुणे येतात, दिवसा शर्यत, रात्री नाटक आणि मधल्या वेळात सोयरिकी. कुंताची सोयरीक तशीच जुळली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जो माणूस स्वतःच्या बैलाला चावतो त्याच्या घरी मुलगी देऊ नये, द्यायचीच असेल तर आधी त्याचे दात पाडून द्यावी.

जागेश्वर धुरकरी होता, पटाचा गाडा हाकणारा, आणि पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा धुरकरी नव्हता हे माझ्यासारख्या त्याच्या वैऱ्यालाही मान्य करावं लागतं. बैलांवर त्याचा जीव होता. थंडीत स्वतःची घोंगडी तो त्यांच्यावर टाकायचा, त्यांना अंडी चारायचा, नाटकाला जायचं सोडून कोठ्यात त्यांच्या पायांना तेल चोळत बसायचा. आणि पटाच्या दिवशी त्यांची कातडी सोलायचा. बैलांना त्याच्याकडून मार मिळाला आणि मायाही मिळाली. माझ्या बहिणीला नुसता मार मिळाला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी खुशबू जन्मली. मुलगी झाली म्हणून नाही, पाणी तापवायला उशीर झाला म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शिरून त्याने कुंताच्या कानाखाली मारली. तो कान अजून नीट ऐकत नाही. मी तुमसरहून गेलो, माझं तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, जाताना बावीसचा पाना खिशात टाकला. अंगणात आमची जुंपली. मी त्याची बरगडी मोडली, त्याने माझे पुढचे दोन दात पाडले. मग तो धापा टाकत ओट्यावर बसला आणि कुंताला म्हणाला, भावाला चहा दे. ती उठली आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा तिचा राग जास्त आला, आणि मी घरी येऊन रडलो.

पुढे कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली. पटाचं मैदान ओसाड पडलं, त्याच्यावर तरोटा उगवला. जागेश्वरने जोडी दोन वर्षं नुसती दावणीला बांधून पोसली. बैल फुगले, तोही फुगला. एका सकाळी त्याने ती बाजारात नेऊन विकली आणि परत येताना एसटीच्या वाहकाला मारलं. काहून मारलं, असं कुंताने विचारलं म्हणून मग तिला मारलं. आता हाणायला बैल उरले नव्हते, सगळं घरावर यायला लागलं.

बंदी बैलांवर होती, मैदानावर नव्हती. ज्यांची जन्मभराची सवय सुटत नव्हती अशा चार-सहा गावांच्या लोकांनी ठरवलं, बैल नाही तर नाही, गाड्यांचा पट भरवू. तोच दुहेरी मार्ग, तेच निशाण, तीच पंचमंडळी. कोणी जुन्या जीपचं अंग कापून आणलं, कोणी ऑटोला मोठं इंजिन जोडलं. जागेश्वरने पुण्याच्या एका माणसाकडून हलक्या गाडीचं किट मागवलं. त्यात पाइपांची चौकट, चाकांचे जोड, स्टिअरिंग असं सगळं सुटं येतं, इंजिन आपलं टाकायचं आणि घरी जोडायचं. भंगारातल्या मारुती आठशेचं इंजिन त्याने सीटच्या मागे बसवलं, मागच्या चाकांना चिखलात चालणारे दातेरी टायर लावले. तयार गाडी चार माणसांनी उचलावी इतकी हलकी झाली. पुढच्या पाइपवर त्याने विकलेल्या बैलांची नावं रंगवली.

जोडली मात्र खुशबूने. शाळेत असल्यापासून तिच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या दुकानात गेल्या होत्या. घरी थांबायला नको म्हणून ती यायची आणि मी कारण विचारायचो नाही. इंजिन उघडायचं, बसवायचं, ती माझ्याकडे शिकली. आणि वजनालाही ती चिमणीएवढी. धुरकरी हलका लागतो, जागेश्वरचं पोट आता त्या सीटमध्ये मावत नव्हतं.

त्याच दिवसांत त्याने कुंताचं मनगट मोडलं. निमित्त भाजीतल्या मिठाचं. मी सिहोऱ्याला पोचलो तेव्हा खुशबू दारात उभी होती, हातात बापाची जुनी तुतारी, खिळा बापाकडेच रोखलेला. आणि जागेश्वर हसत होता. त्याला खरंच आनंद झाला होता. मला म्हणाला, पाहा, धुरकऱ्याचं रक्त आहे.

खुशबूने तुतारी खाली केली नाही. ती म्हणाली, "गाडी मी हाकीन. ताराचंदले हरवलं तं माह्या मायच्या अंगाले हात लावाचा नाही. कधीच नाही."

ताराचंद हा शेजारच्या गावचा, जागेश्वरचा जुना वैरी. जीपवाला तोच होता. जागेश्वर उठला, चालत पटाच्या मैदानावर गेला, मूठभर माती घेऊन आला आणि ती कपाळाला लावून म्हणाला, "पटाच्या मातीची आन. जिंकली तं हात नाही लावनार." पटाच्या मातीची शपथ त्याने कधी मोडली नव्हती. बाकी सगळ्या मोडल्या होत्या, ती नाही. कुंता भिंतीला टेकून ऐकत होती, म्हणूनच तिच्या तोंडावर मी वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी आलं. तिने विश्वास ठेवला. आता ती शर्यत नुसती शर्यत राहिली नाही.

आणि सगळं येऊन अडलं कॅमवर.

इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट, आमच्या भाषेत नुसता कॅम. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते फिरता फिरता वॉल्व दाबतात, वॉल्व उघडले की इंजिन श्वास घेतं. कंपनीचा कॅम बेताचा असतो, पहिल्या पावलापासून ओढतो. तेच उंचवटे घासून-भरून उंच आणि रुंद केले की वॉल्व जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिन वरच्या वेगाला वेड्यासारखं पळतं. पण खालच्या वेगाला त्याला श्वासच धरता येत नाही. गुदमरतं, उचक्या देतं, मेल्यासारखं होतं, आणि एका ठरावीक वेगाला पोचलं की सगळं बळ एकदम येतं. लांब डांबरी रस्त्यावर असा कॅम सोनं. पटाचा मार्ग मात्र मातीचा आणि आखूड. बैल सुटतात आणि बघता बघता संपतो.

खुशबूने कालव्याच्या रस्त्यावर कंपनीच्या कॅमवर गाडी पळवून पाहिली होती. क्लच सोडला की गाडी मांजरीसारखी निघायची. मी बघितलं आणि म्हटलं, ताराचंदची जीप हिच्या धुळीतच राहील. जागेश्वरला ते पसंत नव्हतं. गाडी चांगली पळते हे त्याला दिसत होतं, पण आवाज नव्हता. नागपूरच्या एका लेथवाल्याकडून तो घासलेला कॅम करून घेऊन आला. त्या लेथवाल्याच्या एका गाडीत तसला कॅम होता, उभ्या उभ्या ती थडथड करत थरथरायची. जागेश्वर तेच ऐकून भुलला होता. बैल तो असाच निवडायचा, जो दावणीला उभा राहून जमीन उकरतो, फुसफुसतो, माणसाला जवळ येऊ देत नाही, तोच पटाचा. गरीब बैल नांगराचा. इंजिनालाही त्याने तोच कायदा लावला.

गाडी माझ्या दुकानात आणून इंजिन उघडलं होतं आणि ओट्यावर दोन्ही कॅम ठेवले होते. खुशबूने कंपनीचा उचलला आणि बापाला शांतपणे समजावलं की हा गरीब नाही, हा लवकर उठतो, आणि आपल्या मार्गाला उठण्याशिवाय दुसरं काही नाही. नागपूरचा कॅम जागा होईपर्यंत ताराचंद निशाणापाशी विडी ओढत असेल. मीही तेच म्हटलं. मी म्हटलं हीच चूक झाली असावी, कारण माझं ऐकणं त्याच्या हाडात नव्हतं.

"मले शिकवते," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला कॅम हिसकावून त्याने तोच दांडा माझ्या खांद्यावर हाणला. मी बसलो. मग ओट्याखाली पडलेल्या ऐरणीवर त्याने तो दोन्ही हातांनी आपटला. कॅम ओतीव लोखंडाचा असतो, वाकत नाही. दोन तुकडे झाले, एक रस्त्यावर जाऊन पडला. कॅमची निवड अशी झाली.

मी म्हटलं, दुसरा मागवतो, मी जिवंत आहे तोवर तुझा हट्ट चालणार नाही. त्याने इंजिन गाडीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी नेलं, नागपूरचा कॅम खुशबूकडून बसवून घेतला आणि शर्यतीपर्यंत गाडीशेजारीच खाट टाकून झोपला. कुंताने मुलीचे पाय धरले, नको हाकू म्हणाली. खुशबू म्हणाली, मी नाही बसले तर तो दुसऱ्या कोणाला बसवेल, आणि मग ती शपथ लागू कशी होणार. चुकीच्या कॅमवर जिंकायचं हेच आता तिच्या हातात राहिलं होतं. तिने उपायही शोधला. क्लच दाबून इंजिन आधीच वरच्या वेगाला न्यायचं, निशाण पडेपर्यंत तिथेच धरून ठेवायचं आणि मग सोडायचं. जमलं तर जमलं.

पटाच्या दिवशी सिहोऱ्यात जत्रा लोटली होती. धान घरात आलेलं, लोकांना वेळ होता. सकाळीच मारामारीने बोहनी झाली. ताराचंद गाडीभोवती फिरून म्हणाला, बैल विकले आता पोरीले जुपलं का रे. जागेश्वरने त्याला दोन्ही कानांना धरलं आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. नाक मोडल्याचा आवाज मला दहा हातांवरून ऐकू आला. ताराचंदची माणसं धावली, आमच्या गावची धावली, बैलगाड्यांच्या उभाऱ्या, बाजूचे खुंट, उपसून निघाल्या, पानठेल्याचा पत्रा खाली आला, एकाचं डोकं फुटलं. पंचांनी मध्ये पडून दोघांना वेगळं केलं. शर्यत रद्द करा, असं कोणीच म्हटलं नाही. उलट गर्दी वाढली.

आता पटाची एक रीत सांगायला हवी. सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येक जोडीसमोर एक तगडा माणूस उभा असतो. तो बैलांच्या वेसणी धरून त्यांना रोखतो, निशाण पडलं की सोडतो आणि उडी मारून बाजूला होतो. कोणी आधी सुटू नये म्हणून ही रीत, कारण आधी सुटण्यावरून आमच्याकडे मुडदे पडलेत. गाड्यांचा पट आला तरी पंचांनी रीत तीच ठेवली. गाडीसमोर आपापला माणूस उभा करा, हात गाडीवर. गाडीला वेसण नसते आणि डोळेही नसतात, हे त्या एवढ्या माणसांत कोणाच्या मनात आलं नाही. मी पंचांना म्हणालो तेव्हा त्यांनी मला दुकानदार म्हणून बाजूला काढलं.

ताराचंदने आपला माणूस जरा कडेला उभा केला. जागेश्वरने आपल्या जोडीच्या वेसणी जन्मात दुसऱ्याच्या हातात दिल्या नव्हत्या. तो स्वतः पुढे उभा राहिला, ऐन नाकासमोर, डावा हात पाइपवर रंगवलेल्या बैलांच्या नावांवर आणि उजव्या हातात तुतारी. खुशबू म्हणाली, बाबा तुम्ही कडेले व्हा. त्याने वाकून तिच्या तोंडात मारली, सगळ्या मैदानासमोर. तिच्या ओठातून रक्त आलं. तिने ते पुसलं नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

इंजिन चढवलं तेव्हा त्या कॅमने असा आवाज काढला की म्हाताऱ्यांनी कानांवर हात घेतले. जागेश्वरचा चेहरा उजळला. तो मला ओरडून काहीतरी म्हणाला, बहुतेक पाहिलं का असं. मला वाटलं याला त्याच्या बैलांपैकी एक परत मिळाला.

निशाण पडलं. जागेश्वर उडी मारून बाजूला झाला, त्या पोटासकट, जुन्या सफाईने. इथपर्यंत सगळं ठीक होतं. खुशबूने क्लच सोडला. दातेरी टायर मातीत रुतले, इंजिनाचा वेग एकदम खाली आला आणि त्याचा श्वास गेला. गाडी दोन हात पुढे सरकून उचक्या द्यायला लागली. शेजारून ताराचंदची जीप धूळ उडवत निघून गेली. खुशबूने पाय खालपर्यंत दाबून ठेवला होता, इंजिन पुन्हा चढायची वाट पाहत. त्याला एखादा क्षण लागतो. ज्याने इंजिन उघडून पाहिलंय त्याला हे ठाऊक असतं.

जागेश्वरला ठाऊक होतं ते एवढंच की जोडी अडली. अडलेल्या बैलासमोर जाऊन त्याच्या नाकाडावर तुतारी घातली की तो उसळतो. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. तो परत उडी मारून पुढे आला, हात उचलला आणि गाडीच्या नाकावर काठी हाणली.

"हट बाबा," खुशबू ओरडली. तिने पाय काढला असेल, ब्रेक दाबला असेल, ती म्हणते दाबला, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवतो. पण काठी दुसऱ्यांदा खाली येत होती आणि त्याच वेळी इंजिनाने श्वास धरला. सगळं बळ एकदम आलं. पुढचा पाइप त्याच्या पोटात बसला, तो उताणा कोसळला. तिने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, त्यामुळे पुढचं चाक डोक्यावरून जायचं ते चुकलं. मागचं चुकलं नाही. फिरणारा दातेरी टायर त्याच्या उजव्या हातावर चढला आणि तिथेच, एका जागी, फिरत राहिला. गाडी बंद पडेपर्यंत.

जे उरलं त्याला हात म्हणता येत नव्हतं. तुतारीचा तुकडा मात्र त्यात अजून धरलेला होता. पहिला धावत आला तो ताराचंद, निशाणापासून उलटा, मोडकं नाक घेऊन. त्याने स्वतःच्या डोक्याचा शेला सोडून खांद्याखाली करकचून बांधला आणि जिंकलेल्या जीपमध्ये जागेश्वरला घातलं. भंडाऱ्याला दाखवलं, तिथून नागपूरला नेलं. खुशबू सबंध रस्ता तो शेला दोन्ही हातांनी आवळून बसली होती. हात कोपराच्या वर कापला.

शुद्धीवर आल्यावर जागेश्वरने पहिला प्रश्न विचारला, "जिंकली का?"

खुशबू म्हणाली, "नाही."

 तो म्हणाला, "मंग आन लागत नाही."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तो माणूस अर्धा कापला गेला होता, शिरेत रक्त चाललं होतं, आणि त्याला आठवण होती ती याची. त्या क्षणी मला त्याचा दुसराही हात उपटावासा वाटला.  खुशबूने चादर ओढली आणि जिथे हात नव्हता तिथपर्यंत नीट पांघरली.

त्या गाडीत आता कंपनीचा कॅम आहे, माझ्या दुकानातला, खुशबूने बसवलेला. नागपूरचा कॅम मी भंगारवाल्यालाही दिला नाही, वैनगंगेच्या पुलावरून फेकून दिला. खुशबू भंडाऱ्याला एका गॅरेजमध्ये आहे, शनिवारी घरी येते. बैलांची बंदी उठली, पट पुन्हा भरतो. तिने गाडीत शेजारी एक सीट जोडली आहे, बापाला त्यात बसवून ती मैदानावर नेते. तो धुरकऱ्यांना शिव्या देतो आणि परत येतो.

गेल्या पटाला मीही पाहुणा होतो. संध्याकाळी जागेश्वरच्या ओट्यावर बसलो होतो. कोणाची तरी जोडी आधी सुटली आणि पंचांनी मान्य केली म्हणून जागेश्वर तापला होता. डाव्या हाताने तो कोणाला मारत नाही. एकदा ताट फेकलं होतं, ते खुशबूने उचलून पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं, वाढून. पण राग आला की त्याचा उजवा खांदा अजून उठतो. कुंता चहा घेऊन बाहेर आली. चहात साखर कमी होती. त्याने घोट घेतला, खांदा झटक्याने वर गेला आणि सदऱ्याची रिकामी बाही हवेत उडाली.

कुंताने मान खाली घातली आणि चांगला कान दोन्ही हातांनी झाकला. समोर काही नव्हतं, बाही होती, तरी ती तशीच वाकून उभी राहिली, येणाऱ्या मारासाठी.

मी ते पाहिलं. त्यानेही पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण पूर्वी मारताना त्याला पाहायला वेळ नसायचा. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, आली नाही. त्याने कप खाली ठेवला, डाव्या हाताने ती बाही पकडली, गुंडाळून मुठीत घट्ट आवळली, आणि कुंता हात काढेपर्यंत तशीच धरून बसला.